पाण्यातली बायजा

आमच्या स्टुडिओत "गोरी" हा शब्द कोणीच उच्चारत नव्हतं. "फ्रेश करा" म्हणायचे. "थोडं प्रीमियम वाटू द्या" म्हणायचे. एकदा तर मुंबईच्या क्लायंटकडून लिहून आलं, "पोरीच्या चेहऱ्यावर आशा दिसत नाही." मी ॲनिमेटर, चेहऱ्यावर आशा आणणं हे माझंच काम, म्हणून मी बापडा तिच्या भुवया वर-खाली करत बसलो. मोनालीनं माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते वाचलं आणि म्हणाली, "भुवया सोड गा ऋषी. आशा म्हणजे पावडर."

हे मी रागात लिहितोय, आधीच सांगून टाकतो. राग उतरल्यावर लिहा, असा माझ्या बायकोचा, मिनलचा सल्ला होता. तो उतरू द्यायचा नाही म्हणूनच तर लिहायला बसलोय.

मोनाली गजभिये आमची कंपोझिटर. हे काम म्हणजे काय, ते नरखेडला आमच्या घरी समजावताना दरवेळी माझी फजिती होते. संत्र्याच्या बगीच्यात आयुष्य गेलेल्या माझ्या बापाला, मधुकररावांना, अजून वाटतं मी लग्नाचे व्हिडिओ जोडतो. तर सांगतो. आम्ही संगणकात एक पोरगी उभी करतो, तिला चालवतो, तिच्यावर ऊन पाडतो. मग संगणक त्या सगळ्याची एकेक पक्की चित्रं काढत बसतो, त्याला रेंडर म्हणतात. हे फार वेळखाऊ काम. ती चित्रं एकावर एक बसवून, त्यांचे रंग जुळवून शेवटी पडद्यावर जे दिसतं ते तयार करणारी ती मोनाली.

ती यायच्या आधी आमचा कारभार निव्वळ गाढवपणाचा होता. शेत, झाड, आभाळ, पोरगी, सगळं एकाच चित्रात रेंडर व्हायचं. क्लायंटला ओढणी हिरवी हवी झाली की ओढणीसाठी अख्खं शेत पुन्हा रेंडर. बेसा रोडवर टाइल्सच्या दुकानावर आमचा स्टुडिओ, वर टिनाचं छत. मे महिन्यात मशीन तापून पटापट बंद पडायच्या आणि आम्ही त्यांना कूलरसमोर ठेवून स्वतः घाम पुसत बसायचो. मोनालीनं आल्या आल्या हे पाहिलं आणि सरळ मालकाच्या केबिनमध्ये गेली. मालक म्हणजे साहिल सर. माझ्याच वयाचा आहे, पण सर म्हटलं की खुलतो.

"सर, तुमच्या घरी भात, वरण, भाजी एकाच गंजात शिजवतात का?"

"काहून?"

"वरणात मीठ कमी पडलं तर भात पण फेकून देता का, म्हणून विचारून राहिली."

मी चिडलो की ओरडतो. मोनाली चिडली की हळू बोलते, आणि ते जास्त भयंकर असतं. साहिलनं कर म्हणून मान हलवली. तिनं सगळं वेगवेगळं करायला घेतलं. पोरीचं अंग वेगळं, केस वेगळे, कपडे वेगळे, सावली वेगळी, पाणी वेगळं, आभाळ वेगळं. नावंसुद्धा तिनं अशीच मराठीत दिली. इतर ठिकाणी इंग्रजी आद्याक्षरांचा बाजार असतो, महिन्याभरानं ज्यानं लिहिली त्यालाही उमगत नाहीत. ती म्हणायची, "उद्या मी मेली तरी काम अडलं नाही पाहिजे." मग तिनं चित्रपटाचे सगळे प्रसंग एकाच पट्टीला जोडले. पट्टीवर बटणं: आभाळ, पाणी, सावली, कपडे, अंग. एक बटण फिरवलं की पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत आभाळ बदललेलं असायचं, काहीही पुन्हा रेंडर न करता. आम्ही उजेड असताना घरी जाऊ लागलो. मिनलनं तेव्हा मोनालीला पाहिलंही नव्हतं, तरी तिला सांबारवडीचा डबा पाठवला होता.

एवढी सोय तिनं करून दिली, आणि त्याच सोयीनं तिच्या पडद्यावरच्या पोरीचं वाटोळं केलं. ते कसं, ते ऐका.

मुंबईच्या एका कंपनीचं काम आलं होतं. मुलांसाठी छोटा चित्रपट, संवाद नाहीत, फक्त संगीत, म्हणजे कुठंही विकता यावा. गोष्ट धानाच्या गावातल्या पोरीची. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिची म्हैस हरवते, ती गावभर शोधते, थकून बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या पाण्यात वाकून बघते तर पाण्यात तिला स्वतःचं रूप दिसतं आणि खांद्यामागे म्हैस उभी दिसते. बस, एवढंच. पोरीचं नाव काय ठेवायचं ते कंपनीनं आमच्यावर सोडलं होतं. मोनाली म्हणाली, बायजा.

बायजाबाई म्हणजे तिची आजी. कुहीकडच्या गावात राहते, हयातभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी केलेली बाई. मोनालीच्या घरात शिक्षणाचं वेड तिच्या बापापासून, आनंदरावांपासून, आणि त्यांच्यात ते बायजाबाईनं ठोकून घातलेलं. पोरीच्या अंगाचा रंग ठरवायची वेळ आली तेव्हा मोनालीनं संगणकातले तयार रंग उघडलेच नाहीत. ती गावाला गेली, आजीला सकाळच्या उन्हात ओट्यावर बसवलं, तिच्या दंडाचे, मानेचे, पोटऱ्यांचे फोटो काढले आणि त्यावरून रंग बनवला. काळासावळा, पण आत तांबूस, ओल्या मातीवर ऊन पडलं की दिसतो तसा. मी त्या पोरीला चालवत होतो, हसवत होतो, पण ती जिवंत झाली ती त्या रंगानं. मी माझ्या कामाबद्दल फार फुशारकी मारतो, तरी हे कबूल करतो.

आजीला तिनं सांगून ठेवलं, "आजी, तुले मोठ्या पडद्यावर दाखवते." आजीनं ते अख्ख्या गावाला सांगितलं.

मग सुरू झालं "फ्रेश करा". मोनालीनं ऊन वाढवलं. पोरगी झळाळली, अशी सुंदर दिसली की चहावाला अंकुश कप हातात घेऊन पडद्यासमोर उभा राहिला. मुंबईचा निरोप आला, अजून हवं. तिनं आभाळ उजळ केलं. अजून हवं. तिनं पोरीचा फ्रॉक पिवळा केला. "छान, पण अजून ते फीलिंग येत नाही."

त्या दिवशी कंपनीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर होत्या. मोनाली जेवायला गेलेली. साहिल तिच्या खुर्चीत बसला. पट्टीवर स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं: अंग. त्यानं बटण फिरवलं. अंकुशनं चहा ओतेपर्यंत अख्ख्या चित्रपटातली बायजा पांढरीफटक झाली. ओट्यावरची, गल्लीतली, बांधीतली, सगळीकडची. मॅडम टाळ्या वाजवून म्हणाल्या, "वाह, क्या वर्कफ्लो है साहिलजी!" आणि हा बेशरम माणूस म्हणाला, "थँक यू मॅम."

मोनाली डबा धुऊन आली. पडद्याकडे पाहिलं. डबा टेबलावर ठेवला.

"हे कोणं केलं?"

"अगं, काही कायमचं नाही ना," साहिल म्हणाला. "तुझा रंग खाली आहेच. वरून फक्त एक बटण. मनाले काहून लावून घेते?"

"ते बटण मी दुरुस्तीसाठी ठेवलं होतं सर."

"मग दुरुस्तीच तर केली."

मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. खरंच सांगतो. दुरुस्ती! म्हणजे त्या म्हातारीच्या दंडावरचा रंग ही चूक होती आणि या शहाण्यानं ती सुधारली! मी ओरडलोही, "सर, लाज वाटू द्या जराशी." त्यानं मला माझ्या जागेवर जायला सांगितलं. मोनाली तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या कॉलला मी बसतो." आमच्याकडच्या बायका रागात कधी कधी पुरुषासारखं बोलतात, तशी बोलली.

पुढच्या कॉलला ती बसली. मॅडमना तिनं हिंदीत विचारलं, बदल नेमका काय हवा आहे? मॅडम म्हणाल्या, ब्राइट. मोनालीनं ऊन वाढवलेली जुनी प्रत दाखवली, ही ब्राइट आहे. मॅडम म्हणाल्या, फ्रेश. हिनं पिवळ्या फ्रॉकची दाखवली, ही फ्रेश आहे. मॅडम म्हणाल्या, मुलांनी तिच्याशी रिलेट केलं पाहिजे. मोनाली म्हणाली, "मॅडम, कोणती मुलं? हमारे यहाँ के बच्चे तो इसी रंग के हैं." मॅडम समोरचे कागद चाळू लागल्या. मग मोनाली म्हणाली, "गोरी चाहिए तो गोरी बोलिए. एक बार बोल दीजिए, मैं सुनना चाहती हूँ."

मॅडमचा चेहरा असा झाला की जणू हीच काही अश्लील बोलली. "नो नो, हमने ऐसा कभी नहीं कहा. हमारी कंपनी इस मामले में बहुत सेन्सिटिव है." आणि लगेच, "साहिलजी, जो पिछली बार किया था, वही लॉक कर दीजिए."

म्हणजे शब्द उच्चारायचा नाही, काम मात्र करून घ्यायचं. वर आपण सेन्सिटिव! असल्या माणसांशी भांडणार तरी कसं? शिवी देणाऱ्याची गचांडी धरता येते. हे हसून, आभार मानून, आपल्याच बटणानं आपली पोरगी पुसून टाकतात.

प्रत पक्की झाली, मुंबईला गेली, मंजूर झाली. आणि मग एक दिवस मोनालीनं मला हाक मारली. "ऋषी, शेवटचा प्रसंग पाहा. पाण्यात पाहा."

मी पाहिलं. बांधीच्या काठावर गोरीपान पोरगी वाकली आहे. आणि पाण्यातून वर बघते आहे ती काळीसावळी बायजा. आजीच्या रंगाची. तसंच हसणारी.

झालं असं की "अंग" हे बटण फक्त पोरीच्या अंगावर चालत होतं. पाण्यात पडलेलं तिचं रूप हे पाण्याचा भाग म्हणून रेंडर झालेलं, त्याला ते बटण लागूच नव्हतं. साहिलला थर कसे असतात तेवढं कळलं होतं, थर कुठं संपतात ते कळलं नव्हतं. घाईत रंग फासणाऱ्याकडून हे व्हायचंच. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, संतापच येतो: मुंबईच्या एवढ्या माणसांनी ती प्रत पाहिली, मंजूर केली, एकाच्याही लक्षात आलं नाही. त्यांना तिचा चेहरा उजळ झालेला पाहायचा होता. तो पाहिला, झालं.

मोनालीनं साहिलला बोलावून दाखवलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. साहिलचा चेहरा उतरला. "हे पण उजळ कर."

"होत नाही. पाण्याचं बटण फिरवलं तर पाणी पांढरं होते, म्हैस पांढरी होते. पोरीचा मूळ रंग बदलून सगळं पुन्हा रेंडर करा लागन."

"मग कर."

"पाण्यातल्या पोरीले मी हात लावणार नाही. तुम्हाले करायचं तर तुम्ही करा."

साहिलनं हिशेब केला, तेवढा वेळ नव्हता. नागपुरातच पहिला खेळ ठरला होता, पाहुणे ठरले होते. "जाऊ दे," तो म्हणाला. "पाण्यात कोण पाह्यते?"

तिनं तेवढ्यात त्याच्याकडून एक वचन घेतलं. मुंबईची प्रत मुंबईत दाखवा, पण नागपूरच्या खेळाला तिची प्रत लावायची, "अंग" बटण शून्यावर असलेली. एवढ्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. बहुतेक घरचीच माणसं येणार होती, आजी येणार होती. साहिल म्हणाला, "हो ना, तुझीच लावतो." माझ्यासमोर म्हणाला. मी साक्षीला आहे.

खेळ सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात होता. कुहीहून एसटीनं आनंदराव आणि मोनालीची आई जयाबाई आले, सोबत बायजाबाई, नवं पांढरं लुगडं नेसलेली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला दूरचं लख्ख दिसतं. आणि म्हातारीला सिनेमा कळत नाही असं कोणी समजू नये, ती नातवाच्या मोबाइलवर दिवसभर मालिका पाहते आणि कोणती सून खोटी रडते तेही सांगते. मोनाली तिच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. पुढच्या रांगेत मुंबईच्या मॅडम आणि साहिल. तो एकदा मागे वळला आणि मोनालीला अंगठा दाखवला, सगळं ठीक आहे असा.

दिवे मालवले. पडद्यावर सकाळ झाली, दार उघडलं, पोरगी बाहेर आली. गोरीपान.

मोनालीनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी शिवी दिली, जरा मोठ्यानंच. पुढच्या रांगेतली साहिलची मान हलली नाही.

आजी बघत होती. पोरगी गोठ्यात गेली, म्हैस नाही. गल्लीत गेली. तळ्यावर गेली. आजीनं मोनालीच्या हातावर हात ठेवला. "बायजा कवा येते वं?"

मोनालीनं तो हात धरून ठेवला.

"हे कोणाची पोरगी हाये? पाटलाची का?"

"पाहा ना आजी."

"पाहूनच राहिली ना. बायजा काही दिसून नाही राहिली."

जयाबाईंनी मान खाली घातली. आनंदराव समोर बघत राहिले, पण त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले होते. मला वाटलं उठावं आणि पडदाच फाडावा. पडद्यावर पोरगी थकली, बांधीच्या काठाशी आली, पाण्यात वाकली.

"आली!" आजी एवढ्यानं ओरडली की मागच्या रांगा दचकल्या. "अवं आली पाहा बायजा!" मग ती उभीच राहिली. "पण पाण्यात काहून टाकली तिले? काढा ना कोणी बाहेर! हे वरची तर नुसती हासून राहिली!"

संगीत संपलं, दिवे लागले. टाळ्या वाजू लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. मॅडम वळून साहिलला विचारत होत्या, "क्या कह रही हैं अम्मा?"

साहिल उमरेडचा आहे. म्हातारीचा शब्द न् शब्द त्याला कळला होता. तो हसून म्हणाला, "बोल रही हैं, बहुत अच्छा लगा."

"खोटं बोलून राहिला," आजी म्हणाली. तिलाही हिंदी कळते. कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडे हात करून ती मोनालीला म्हणाली, "तूनं केली ना ते? मंग बसली काय? काढ तिले बाहेर."

मोनाली उठली. सभागृहाच्या कडेनं चालत ती लॅपटॉपपाशी गेली. साहिल लगबगीनं तिच्यामागे गेला आणि दात आवळून म्हणाला, "मोनाली, उद्यापासून मग कामाले येऊ नको."

"येणारच नव्हती," ती म्हणाली. तिची प्रत तिथंच होती, त्याच्या प्रतीच्या शेजारी. त्यानं आणली होती, फक्त लावली नव्हती. तिनं ती लावली आणि दिवे मालवायला मला खूण केली. पाहुणे पर्स, मोबाइल घेऊन उठू लागले होते, मॅडम साहिलला काहीतरी रागानं विचारत होत्या, दारापाशी गर्दी झाली होती. मी दिवे मालवले.

पडद्यावर सकाळ झाली, दार उघडलं. आजी अजून उभीच होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडच्या गर्दीकडे.

"बसा ना बाप्पा सगळे," ती म्हणाली. "आता बायजा आली."